न उगवलेले दात

माझ्या वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारी, दोन्ही बाजूंना, एकेक दात कमी होता. तो का कमी होता याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मी तीन वर्षांची असताना आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून सुट्टीवर आले होते. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर बसवून कृष्णेच्या घाटावर नेलं. पायरीवर शेवाळ होतं. त्यांचा पाय घसरला आणि मी तोंडावर पडले. वरचे दुधाचे दोन दात तिथंच गेले, ओठ फाटला. आबांनी मला टॉवेलात गुंडाळून गावातल्या डॉक्टरांकडं पळत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कराड स्टेशनवरून त्यांची गाडी होती. मी झोपलेली असतानाच ते निघून गेले.

पुढं कायमचे दात आले तेव्हा मधले दोन आले, त्यांच्या शेजारचे दोन काही आले नाहीत. आईनं वर्षभर वाट पाहिली आणि मग त्याच डॉक्टरांना दाखवलं. मार मुळापर्यंत गेला असेल, असं ते म्हणाले. झालं. तेव्हापासून माझे दात घाटावर गेले हे ठरून गेलं. आई ही गोष्ट कुणाला सांगायची तर एखाद्या वर्षी पूर आला होता हे सांगावं तितक्या सहजपणे सांगायची. आबांना कुणी कधी दोष दिला नाही. आबा मात्र घरात असले आणि गोष्ट सुरू झाली की गोठ्याकडं निघून जायचे.

सुट्टीवर आले की ते माझ्यासाठी ऊस सोलायचे. भाऊ दातांनीच कांडं सोलून खायचा आणि मला आबा चाकूनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ताटलीत द्यायचे. कणसाचे दाणे काढून द्यायचे. पेरू चिरून. मला ते कधी रागावले नाहीत, त्यामुळं आपले वडील फार शांत स्वभावाचे आहेत असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. भावाला हे सांगितलं तर तो अजून हसतो. त्याच्या वाट्याला आलेले आबा वेगळेच होते.

हसताना तोंडावर हात धरायची सवय मला कधी लागली ते आठवत नाही. शाळेच्या फोटोत मी ओठ मिटून आहे, लग्नाच्या फोटोतही मिटून आहे. बघायला आले तेव्हा मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं इतक्या कमी शब्दांत दिली की मुलगी फार गंभीर आहे असं मुलाकडच्यांचं मत झालं. नवऱ्याला खरा प्रकार लग्नानंतर चौथ्या दिवशी कळला. त्याच्या एका मावसभावानं पंगतीत काहीतरी विनोद केला आणि माझ्या दोन्ही हातांत बुंदीचं ताट होतं. नवरा मला नंतर म्हणाला की मला तर बरंच वाटलं, जन्मभर गंभीर बाईबरोबर राहायचं म्हणून मी जरा घाबरलोच होतो.

मी शाळेत मराठी शिकवते. कराडपासून बसनं अर्ध्या तासावर आमची शाळा आहे. दिवसभर तोंड उघडून उभं राहायचा धंदा असल्यामुळं तिथं काही लपत नाही. मुलांनी माझं नाव ‘खंबाटकी’ ठेवलं होतं. पुण्याला जाताना लागणारा तो घाट आणि त्यातला बोगदा सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळं नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. मला हे दहावीच्या एका निरोप समारंभात कळलं. भाषणाच्या भरात एक मुलगी बोलून गेली आणि जीभ चावून खाली बसली. मला राग आला नाही. नाव चांगलं होतं.

माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायला लागले. मधले दोन नवीन आले, छान मोठे. शेजारचे दोन पडले आणि त्या जागा तशाच राहिल्या. येतील, कुणाचे उशिरा येतात, असं सगळेच म्हणाले. मीही म्हटलं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांच्या ग्रुपवर आले. एका फोटोत नाचून झाल्यावर सगळ्या मुली हसत उभ्या होत्या आणि माझ्या मुलीनं तोंडावर हात धरला होता. चार बोटं एकत्र, तर्जनी नाकाखाली. अगदी माझ्यासारखा. तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती फक्त माझ्या घरात वाढली होती. तो फोटो मी मोठा करून पाहिला आणि मग फोन पालथा ठेवला.

त्याच शनिवारी मी तिला कराडमध्ये दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. आबा त्या आठवड्यात आमच्याकडं होते. आई गेल्यापासून महिन्यातून एकदा ते गावाहून एसटीनं येतात आणि चार दिवस राहतात. कुठं थांबायचं काम असेल तर आबांना बरोबर न्यावं, त्यांना वाट पाहायचा कंटाळा येत नाही. ते बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसले आणि आम्ही दोघी आत गेलो.

डॉक्टर तिशीच्या, बुटक्या, खूप भरभर चालणाऱ्या. त्यांनी मुलीला खुर्चीत बसवलं, आरसा घालून पाहिलं, मग पूर्ण जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढला. तो पडद्यावर आला तेव्हा मी पहिल्यांदाच पाहिलं की लहान मुलांच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात. एक दिसणारी आणि एक तिच्या मागं हाडात वाट पाहत बसलेली. डॉक्टरांनी पेननं एकेक दात मोजला. वरच्या जबड्यात दोन जागा रिकाम्या होत्या. त्या म्हणाल्या, हिचे हे दोन दात यायचे राहिलेले नाहीत, ते तयारच झालेले नाहीत. मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला असं आहे का.

मी म्हटलं, मला आहे, पण माझे पडल्यामुळं गेले. आणि घाटाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, तुमचाही एक एक्स-रे काढूया.

थोड्या वेळानं पडद्यावर दोन जबडे शेजारी शेजारी होते, एक लहान आणि एक मोठा. त्याच दोन जागा रिकाम्या. डॉक्टरांनी मला सावकाश समजावलं. पडल्यामुळं दुधाचे दात गेले हे खरं असेल. पण मार लागून मागचे दात बिघडले असते तर त्यांचं काहीतरी दिसलं असतं, वाकडं, अर्धवट, अडकलेलं. दोन्ही बाजूंना सारखंच, काहीच खूण नाही, आणि मुलीलाही नेमकं तेच. हे घराण्यातून येतं. तुम्ही घाटावर गेला नसता तरी हे दोन दात आले नसते.

मुलगी खुर्चीचं बटण दाबून वरखाली होत होती. मला त्या क्षणी माझ्या दातांचं काही वाटलं नाही. मला बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस आठवला. मी डॉक्टरांना म्हटलं, बाहेर माझे वडील आहेत. हे सगळं तुम्ही त्यांना एकदा सांगाल का? माझ्या तोंडून नको, तुम्हीच सांगा.

आबा आत आले, टोपी हातात धरून. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली तरी ते उभेच राहिले. डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं, पेन लावून, जागा दाखवून. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पडद्याजवळ गेले.

“म्हंजी घाटावर ही पडली नसती तरीबी...” ते म्हणाले आणि थांबले.

“तरीही आले नसते, आजोबा,” डॉक्टर म्हणाल्या. “ही जन्मायच्या आधीपासूनच नव्हते ते.”

आबांनी तेच आणखी दोनदा विचारलं, शब्द बदलून. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं, तितक्याच शांतपणे. मग डॉक्टरांनाच काहीतरी सुचलं. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमच्या मिशा जरा वर धरता का? आबांच्या मिशा पलटणीतल्या, ओठ पूर्ण झाकणाऱ्या. मी त्यांचे वरचे दात कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी मिशा वर धरल्या आणि डॉक्टरांनी आरसा लावला. डाव्या बाजूला, नेमक्या त्याच जागी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असा एक टोकदार दात होता. डॉक्टर म्हणाल्या की हा त्याच गोष्टीचा सौम्य प्रकार. काहींचा दात येतच नाही, काहींचा असा छोटा राहतो.

“म्हंजी हे माझ्याकडनंच आलं म्हणा की,” आबा म्हणाले. मिशा अजून वर धरलेल्याच होत्या, त्यामुळं ते हसताहेत हे आम्हा सगळ्यांना दिसलं. आपल्याकडून लेकीला आणि नातीला खोट गेली हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस त्या डॉक्टरांनी आधी पाहिला नसेल.

परत येताना ते स्टँडजवळच्या गाड्यावर थांबले आणि तिघांसाठी उसाचा रस सांगितला. स्वतः दोन ग्लास प्यायले. मुलगी चरकाचं चाक बघायला पुढं गेली तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “पस्तीस वर्षं झाली. तुझी आय कवा बोलली न्हाई. मीबी कवा बोललो न्हाई. त्या टायमाला गाडीत बसलो न्हवं, तर दोन दिवस कुणाशी बोललोच न्हाई.”

मी म्हटलं, आबा, मला तो घाट आठवतही नाही.

“मला आठवतोय की,” ते म्हणाले. “पण आता बरं हाय.” आणि ग्लास परत द्यायला गेले.

पुढच्या खेपेला उपचारांचं बोलणं झालं. डॉक्टरांनी प्लास्टरचे दोन साचे टेबलावर ठेवले, एक माझा, एक मुलीचा. आपले दात हातात घेऊन बघायला मला फार विचित्र वाटलं. ते मला वाटत होते त्यापेक्षा लहान होते. तीन वाटा आहेत, असं डॉक्टर म्हणाल्या. पहिली म्हणजे फटी बंद करायच्या. तारा लावून सुळे पुढं सरकवायचे, रिकाम्या जागी आणायचे, मग त्यांची टोकं घासून आणि वर भर घालून त्यांना पटाशीच्या दातासारखं रूप द्यायचं. दुसरी याच्या उलट. तारांनी जागा नीट मोकळी करायची आणि तिथं हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावायचा, किंवा शेजारच्या दातांना चिकटवून बसवायचा. तिसरी सर्वांत सोपी, काढता-घालता येणारी प्लेट, तिला दोन दात.

मुलीसाठी त्या पहिली वाट सुचवत होत्या. तिचे सुळे अजून हाडात होते आणि पुढच्या बाजूला झुकलेले होते, आणि तिच्या मागच्या दाढांची ठेवणसुद्धा त्याला अनुकूल होती. लहान मुलांच्या हाडात स्क्रू बसवत नाहीत, कारण जबडा वाढत राहतो आणि स्क्रू आहे तिथंच राहतो. अठरा-वीस वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून आत्ता फक्त दुधाचे दोन सुळे काढायचे, नव्यांना वाट द्यायची आणि बारा वर्षांची झाली की तारा. माझं मात्र वेगळं होतं. माझे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत होते, ते सगळे ओढून पुढं आणण्यात अर्थ नव्हता. मला दुसरी वाट बरी, असं त्यांचं मत पडलं.

मी म्हटलं, मला आता काय करायचंय. अडतीस वर्षं गेली, उरलेलीही जातील. मुलगी शेजारच्या खुर्चीत होती. ती एवढंच म्हणाली की मग मला पण नको. तिनं हे हट्टानं म्हटलं नाही, खांदे उडवून म्हटलं, जणू आमच्या घरात अशीच पद्धत आहे. मी डॉक्टरांना विचारलं की तारा कधी लावायला यायचं.

नवरा शिरवळला एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात आहे. आठवडाभर तिकडंच राहतो, शनिवारी येतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला की डॉक्टरांना विचार, किती मिलिमीटर जागा लागणार. पुढच्या शनिवारी तो स्वतःच माझ्याबरोबर आला आणि डॉक्टरांच्या हातातलं मोजायचं अवजार बघून खूश झाला, कारण तसंच तो रोज वापरतो. ते दोघं माझ्या साच्यावर वाकून दहा मिनिटं साडेसहा की सात यावर बोलत होते. मी तिथं आहे याची दोघांनाही आठवण राहिली नव्हती.

तारा लागल्या त्या दिवशी घरी येऊन मी आरशात पाहिलं आणि आपण भलतंच काही करून बसलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दात असे दुखले की वरणभातसुद्धा चावावा लागतो हे पहिल्यांदा लक्षात आलं. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. सोमवारी वर्गात गेले. हजेरी घेताना ‘स’ आणि ‘च’ तोंडातून निघेना, आणि त्या वर्गात ‘स’ वरून सुरू होणारी नावं सात. तिसऱ्या नावाला मी वही खाली ठेवली आणि मुलांना सरळ सांगितलं की माझे दोन दात जन्मापासून नाहीत, त्यांच्यासाठी जागा करायचं काम सुरू आहे, दीड वर्ष चालेल, तोवर माझे उच्चार सांभाळून घ्या. बाई असं काही स्वतःबद्दल बोलतील याची मुलांची तयारी नव्हती.

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी माझ्याकडं आली. तिला स्वतःला तारा होत्या, एरवी ती वर्गात फारसं बोलायची नाही. तिनं कंपासपेटीतून एक छोटी डबी काढली. आत मेणाच्या पांढऱ्या काड्या होत्या. बाई, तार गालाला टोचते ना, असं म्हणून तिनं थोडं मेण तोडून बोटांत मळलं आणि ते टोचणाऱ्या जागी कसं बसवायचं हे स्वतःच्या तोंडात करून दाखवलं. डबी तुमच्याजवळच ठेवा, म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींना नवीन अडचणी सांगू लागलो. शेंगदाण्याची चटणी नको, डाळिंब चालतं, पण नंतर आरसा लागतो. त्या वर्षी ती वर्गात हात वर करून बोलायला लागली, आणि त्याचं श्रेय मी माझ्या तारांना देते.

त्याच आठवड्यात एका सकाळी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘पुढे घाटात काम चालू आहे. वाहने सावकाश चालवा.’ मी ते पुसलं नाही. त्याखाली ‘चालू’ या शब्दाचं व्याकरण चालवायला सांगितलं आणि पूर्ण तास त्यातच गेला.

आठ महिन्यांनी एक गंमत झाली. जागा मोकळ्या होत गेल्या तशा फटी आधीपेक्षा मोठ्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी मग दोन खोटे दात तारेला अडकवून दिले, नुसते दिसण्यापुरते. एकदा मी कविता म्हणत होते, वर्ग अगदी शांत ऐकत होता, आणि मला वाटलं आज कविता पोचतेय. मग लक्षात आलं की चाळीस जण माझ्या तोंडाकडं बघताहेत. उजवीकडचा दात तारेवर फिरून आडवा झाला होता. मी फळ्याकडं वळले, बोटानं तो सरळ केला, परत वळले आणि कडवं पुरं केलं. तोवर पहिल्या बाकावरच्या मुलीला हसू आवरेना, आणि मलाही. सगळा वर्ग हसत होता. माझ्या एका हातात पुस्तक होतं आणि दुसऱ्यात खडू. तारा, खोटे दात, फटी, सगळं उघडं होतं आणि मी ते झाकायला विसरले होते. हे मला घरी जाताना बसमध्ये आठवलं.

इकडं आबांनी एक नवीनच काम काढलं होतं. नागपंचमीला आम्ही सगळे शिराळ्याला आत्याकडं जमतो. आबांनी खिशातून बॅटरी काढली आणि जेवणं झाल्यावर भावकीतल्या प्रत्येकाला ओसरीवर बसवून तोंड उघडायला लावलं. सगळ्यांना आधी घाटापासून डॉक्टरांपर्यंतची गोष्ट सांगितली. ज्या गोष्टीवरून ते पस्तीस वर्षं गोठ्याकडं निघून जायचे, ती आता ते स्वतः सांगत होते आणि मध्ये कुणी बोललं तर त्याला थांबवत होते. तपासणीत एका चुलतभावाचा दात आबांसारखाच टोकदार निघाला आणि त्याच्या धाकट्या मुलीचा एक दात नव्हता. आबांनी दोघांचीही पाठ थोपटली.

आत्याची पाळी आली तेव्हा तिनं सांगितलं की माझी कवळी हाय, तुला काय दिसणार. पण तिनं एक गोष्ट सांगितली जी आबांना माहीत नव्हती. त्यांच्या आईच्या दातांत तशीच फट होती आणि त्या फटीतून ती शीळ घालायची. बायकांनी शीळ घालणं तेव्हा कुणाला आवडायचं नाही, म्हणून घरात नाही, पण रानात म्हशी लांब गेल्या की तिथं. “लय लांब जायची तिची शीळ,” आत्या म्हणाली. “तू बारका हुतास, तुला वाटायचं आपला थोरला भाऊ तात्याच शीळ घालतोय.” मग आबांनी स्वतः तोंडानं शीळ घालून पाहिली. जमली नाही.

जागा पुरेशी झाली तरी डॉक्टर पुढं जाईनात. त्यांनी एक्स-रेवर दाखवलं की वर दात सरळ उभे असले तरी आत त्यांची मुळं तिरकी आहेत, स्क्रूला वाट नाही. आणखी चार महिने मुळं सरळ करण्यात गेले. बाहेरून काहीच बदल दिसत नव्हता, तरी दर महिन्याला मी जात होते. शेवटी स्क्रू बसवायला सांगलीला जावं लागलं, ते काम करणारे डॉक्टर तिथं होते. आबा अर्थातच बरोबर आले. मी घाबरले होते तसं काही झालं नाही. भूल दिल्यावर दाब तेवढा जाणवला. एका बाजूला हाड पातळ होतं म्हणून त्यांनी थोडी हाडाची भुकटी भरली. मी गाल सुजवून बाहेर आले तेव्हा आबा दोन अनोळखी बाया आणि एका पोलिसाला दात घराण्यातून कसे येतात हे समजावत होते. पोलिसानं तोंड उघडलेलं होतं.

चार-पाच महिन्यांनी हाड धरल्यावर वर दात बसवायची वेळ आली. रंग जुळवायला डॉक्टरांनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि दातांच्या नमुन्यांची पट्टी माझ्या ओठांशी धरली. नवऱ्याला एक नमुना बरा वाटला, मुलीला त्याच्या शेजारचा. डॉक्टरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तिसराच घेतला. तोच बरोबर निघाला. नवे दात बसले त्या संध्याकाळी मी सफरचंद चिरून न घेता तसंच चावलं. आवाज झाला. मुलगी अभ्यास सोडून बघायला आली. तिनं माझ्या हातातून सफरचंद घेतलं, चावल्याची खूण नीट पाहिली आणि उरलेलं खाऊन टाकलं.

तिचे सुळे डॉक्टरांनी सांगितलं होतं तसेच पुढच्या बाजूनं उतरले. बाराव्या वर्षी तारा लागल्या. दर महिन्याला ती रबरांचा रंग बदलायची, एकदा एका बाजूला भगवा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा. माझ्यासारखं तिला वर्गाला काही सांगावं लागलं नाही, तिच्या वर्गात आणखी पाच जणांना तारा होत्या. दीड वर्षांत फटी मिटल्या. डॉक्टरांनी सुळ्यांची टोकं घासली, पुढं भर घातला, आणि आता ते सुळे आहेत हे फक्त आम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी डॉक्टरांनी आबांना विचारलं की तुमच्या छोट्या दातालाही अर्ध्या तासात भर घालून मोठा करू का. आबा म्हणाले, नको, मिशांच्या मागं त्याला कोण बघतंय, आणि सत्तर वर्षं माझं काम त्यानं चोख केलंय.

तारा निघाल्यावर दात परत हलू नयेत म्हणून रिटेनर घालावं लागतं, प्लॅस्टिकची एक पातळ प्लेट. जेवताना ती काढून डबीत ठेवायची. मागच्या महिन्यात इस्लामपूरला एका लग्नात मुलीनं ती डबीत न ठेवता कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, आणि ताटासकट ती उचलली गेली. तिला पान खाऊन झाल्यावर आठवलं. मग ती, मी आणि आबा कार्यालयाच्या मागं गेलो. तिथं भांडी घासणाऱ्या चार बाया बसल्या होत्या. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, दात नाही, दातांची प्लेट. त्यांना वाटलं आबांची कवळी. आबांनी मिशा वर धरून आपले सगळे दात जागेवर असल्याचं दाखवलं. मग त्या बायांनीच पदर खोचून खरकट्याच्या पिंपातले रुमाल बाहेर काढायला सुरुवात केली आणि आम्हीही लग्नाच्या कपड्यांतच पिंपात हात घातला.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांच्यातल्या एकीला ती सापडली, श्रीखंडात माखलेली आणि मधोमध तुटलेली. तिनं ती नळाखाली धुऊन मुलीच्या हातात दिली आणि विचारलं की हिचा उपयोग काय. मुलीनं तिला सगळं सांगितलं, सुळे कुठून कुठं आणले तेसुद्धा, आणि तोंड उघडून दाखवलं. सोमवारी आम्ही नवीन प्लेटचं माप द्यायला कराडला गेलो. डॉक्टरांनी कोणता रंग हवा ते विचारलं. मुलीनं हिरवा सांगितला, आणि डबी दोन द्या म्हणाली.